येणारी गाडी कशी असेल? माहिती, अनुमान आणि इच्छा

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,

गेल्या महिन्यात नववीच्या विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, तेव्हा त्यांच्या दोन तासिका आम्ही घेतल्या. पुस्तकातला धडा पुढे न नेता मुलांना एक कोडे घातले. बाजारात अजून न आलेली गाडी कशी असेल, ते ओळखायचे. त्या दोन तासांत मुले काय शिकली ते येथे देत आहोत. आम्ही काय शिकलो तेही शेवटी सांगू.

कोड्यासाठी अमेरिकेतील टेस्ला कंपनीची 'मॉडेल ३' ही विजेवर चालणारी मोटार निवडली. ती आता रस्त्यावर येऊन बरीच वर्षे झाली आहेत, म्हणजे उत्तर आपल्याजवळ आहे आणि अंदाज ताडून पाहता येतो. मुलांना सांगितले, "समजा आज एप्रिल २०१६ आहे. पुढचे काही तुम्हाला ठाऊक नाही."

फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला माहितीचा, म्हणजे जे सांगितले गेले आहे ते. दुसरा अनुमानाचा, म्हणजे माहितीवरून कारण देऊन जे निघते ते. तिसरा इच्छेचा, म्हणजे जे असावे असे आपल्याला वाटते ते. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे तर्कशास्त्राच्या गुरुजींनी धूर पाहून अग्नी ओळखणे म्हणजे अनुमान, हे पक्के करून घेतले होते. थंडी वाजते म्हणून अग्नी असेलच असे म्हणणे हे अनुमान नव्हे, ती इच्छा झाली.

पहिला रकाना : माहिती

३१ मार्च २०१६ रोजी कॅलिफोर्नियात कंपनीने या गाडीचे नमुने लोकांना दाखवले. किंमत ३५,००० डॉलरपासून सुरू होईल, एकदा बॅटरी भरली की किमान २१५ मैल, म्हणजे सुमारे ३४६ किलोमीटर जाईल, पाच माणसे बसतील आणि २०१७ च्या अखेरीस गाड्या मिळू लागतील, असे सांगितले. नोंदणीसाठी १,००० डॉलर ठेवायचे होते, म्हणजे त्या वेळचे सुमारे ६६ हजार रुपये. ही रक्कम मागितल्यास परत मिळणार होती. एका आठवड्यात सव्वातीन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. आपल्या देशातूनही काहींनी केली.

दुसरा रकाना : अनुमान

येथे वर्गाला गणित करावे लागले. कंपनीच्या मोठ्या आणि महाग 'मॉडेल एस' गाडीतले विद्युतघट १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर उंचीचे होते. नव्या गाडीसाठी २१ मिलिमीटर व्यासाचे आणि ७० मिलिमीटर उंचीचे घट ठरले. दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र लावा. नवा घट जुन्याच्या सुमारे १.४७ पट भरतो. एका घटात जास्त ऊर्जा मावली की घटांची संख्या आणि जोडणीचे काम कमी होते. त्यामुळे हा बदल किंमत उतरवण्याच्या दिशेने आहे, हे अनुमान योग्य ठरते.

दुसरे अनुमान आकारावरून निघते. बॅटरी गाडीच्या तळाशी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असते. 'मॉडेल एस' सुमारे पाच मीटर लांब, तर नवी गाडी सुमारे ४.७ मीटर. जागा कमी, म्हणून मोठ्या गाडीतली सर्वांत मोठी बॅटरी हिच्यात मावणार नाही. तसेच झाले. मोठ्या गाडीत १०० किलोवॅट-तासांची बॅटरी मिळत होती. या गाडीत ७५ च्या पुढे जाता येणार नाही, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी मार्च २०१७ मध्ये सांगितले.

तिसरे अनुमान किमतीवरून. मोठ्या गाडीचे अंग मुख्यतः ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियम हलके, पण महाग. स्वस्त गाडीत पोलाद अधिक असेल, असे एका मुलीने लिहिले. तिचा अंदाज बरोबर आला. प्रत्यक्ष गाडीत पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्ही आहेत.

तिसरा रकाना : इच्छा

नमुन्याच्या गाडीत चालकासमोर वेग दाखवणारे काटेच नव्हते. मध्यभागी फक्त १५ इंची पडदा होता. त्यातच मस्क यांनी गाडीची खरी नियंत्रणे अंतराळयानासारखी वाटतील, असे लिहिले. मग लोकांनी ठरवूनच टाकले की वेगाचे आकडे समोरच्या काचेवर उमटणार. आमच्या वर्गातही निम्म्या मुलांनी हेच लिहिले. कारण विचारले, तर उत्तर आले, "सर, कुठेतरी दिसायला हवेत ना!" हे कारण नव्हे. प्रत्यक्षात काचेवर काहीच आले नाही आणि वेग मधल्या पडद्याच्या कोपऱ्यातच राहिला. नमुन्यात जे डोळ्यांना दिसत होते तेच खरे निघाले. लोकांनी दिसणारे सोडून ऐकलेल्या शब्दाभोवती मनोरे रचले.

मागचे दार काचेसकट वर उघडावे, ही अशीच दुसरी इच्छा. पण मागची काच थेट मागच्या प्रवाशांच्या डोक्यावरून पुढे जात होती. तसे दार बसवायचे तर नेमका तेथेच भक्कम आडवा दांडा लागतो आणि डोक्यावरची जागा कमी होते. शेवटी साधी डिकीच मिळाली. फुकट चार्जिंगचीही आशा अनेकांना होती. कंपनीच्या चार्जिंग केंद्रांचा वापर सर्वांना कायम मोफत मिळेल असे कोणी म्हटले नव्हते, आणि तो मिळालाही नाही.

आता किंमत

सर्वांत मोठा धडा येथे आहे. सराफ्यात पोह्याच्या बशीचा एक भाव असतो. वर उसळ, जास्तीची शेव, सोबत जिलेबी घेतली की हिशेब वेगळाच होतो. २८ जुलै २०१७ रोजी पहिल्या ३० गाड्या दिल्या गेल्या आणि किमतींची यादी बाहेर आली. वर्गाने बेरीज केली :

मूळ गाडी (पल्ला २२० मैल) : ३५,०००
मोठी बॅटरी (पल्ला ३१० मैल) : ९,०००
आतील वाढीव सोयी : ५,०००
चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा : ५,०००
काळ्याखेरीज अन्य रंग : १,०००
मोठी चाके : १,५००
एकूण : ५६,५०० डॉलर

म्हणजे जाहीर किमतीवर सुमारे ६१ टक्के वाढ. एका विद्यार्थ्याने विचारले, "पण ज्याला काहीच जास्तीचे नको, त्याला ३५ हजारांत मिळाली ना?" सुरुवातीला नाही. आधी मोठी बॅटरी आणि वाढीव सोयी असलेल्याच गाड्या तयार झाल्या. म्हणजे किमान ४९,००० डॉलर. ३५ हजारांच्या गाडीची मागणी नोंदवायची सोय २८ फेब्रुवारी २०१९ ला झाली, आणि एप्रिलमध्ये ती गाडी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीतून काढलीही गेली. मग ती फक्त दूरध्वनीवरून किंवा दालनात जाऊन मागवावी लागे. आपल्या देशात टेस्लाची अधिकृत विक्री जुलै २०२५ मध्ये मुंबईत सुरू झाली, तीही 'मॉडेल वाय' या दुसऱ्याच गाडीने.

कंपनी खोटे बोलली, असे आम्हाला म्हणायचे नाही. पल्ला सांगितल्यापेक्षा थोडा जास्तच मिळाला आणि गाडी जगभर खपली. मात्र 'पासून सुरू' या दोन शब्दांत तीन वर्षे आणि हजारो डॉलर लपलेले होते.

आणि आमची चूक

तासिका संपताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. आपल्या शाळेची जुनी डिझेल व्हॅन बदलायची आहे, हे मुलांना माहीत आहे. लवकरच येणाऱ्या एका विजेच्या व्हॅनचे माहितीपत्रक आम्हीच सूचना फलकावर लावले होते. "एका चार्जमध्ये २०० किलोमीटर." मुलाने विचारले, "सर, हे दोनशे कोणत्या रकान्यात लिहायचे?"

आम्ही निरुत्तर झालो. विश्वस्त मंडळाला दिलेल्या प्रस्तावात आम्ही ते दोनशे पहिल्या रकान्यातली गोष्ट म्हणून लिहून बसलो होतो. आगाऊ रक्कम भरण्याची शिफारसही केली होती. व्हॅन मुलांनी भरलेली असताना, मे महिन्याच्या उन्हात, थांबत थांबत रामबाग ते सुदामानगर फेऱ्या मारताना ती किती चालेल, हे आम्ही विचारलेच नव्हते. पाच वर्षांनी बॅटरीचे काय, हेही नाही. पैसा पालकांच्या फीचा आहे आणि त्या व्हॅनमध्ये त्यांचीच मुले बसणार आहेत.

तो प्रस्ताव आम्ही परत घेतला आहे. नव्या प्रस्तावात तीन अटी आहेत. आगाऊ रक्कम परत मिळण्याची लेखी हमी हवी. आपल्याच मार्गावर, पूर्ण वजनाने चाचणी व्हावी. आणि चार्जर, विमा, बॅटरीची हमी धरून एकूण किंमत कळावी. विजेच्या गाडीला आमचा विरोध नाही. उलट ती यावी अशी इच्छा आहे. म्हणूनच अधिक सावध राहायला हवे.

पालकहो, क्लासच्या किंवा महाविद्यालयाच्या जाहिराती घरी येतील तेव्हा हेच तीन रकाने मुलांसोबत आखून पाहा.

स्वाध्याय

१. दोन्ही घटांचे घनफळ काढून गुणोत्तर पडताळा.
२. घरातील कोणत्याही वस्तूची जाहिरात घ्या. 'पासून', 'पर्यंत', 'अटी लागू' हे शब्द अधोरेखित करून प्रत्येकाचा अर्थ लिहा.
३. येत्या वर्षी बाजारात येणाऱ्या एका वस्तूविषयी तीन रकाने भरून वही आमच्याकडे जमा करा. वर्षभराने आपण सर्व मिळून त्या उघडू.

आपले,
प्राचार्य