दारावरची थाप



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. उपासनेचे नवे वर्षही आजच सुरू होते. याच रविवारासाठी योहान सेबास्टियन बाख याने रचलेल्या एका कँटाटाचा, म्हणजे वाद्ये, गायकवृंद व एकल गायक यांच्यासाठी लिहिलेल्या उपासना-संगीताचा आज परिचय करून घेऊ. त्याच्या कृतींच्या सूचीत तिचा क्रमांक ६१. २ डिसेंबर १७१४ रोजी जर्मनीतील वायमारच्या दरबारी प्रार्थनामंदिरात ती प्रथम गायली गेली. बाख तेव्हा २९ वर्षांचा होता.

बाख लूथरपंथी, आपल्या पत्रकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. पण ज्या गीतावर ही रचना उभी आहे, ते मुळात मिलानचे बिशप संत अंब्रोज यांचे चौथ्या शतकातील लॅटिन स्तोत्र आहे. मार्टिन लूथरने १५२४ साली त्याचे जर्मन केले. संत अंब्रोज म्हणजे ज्यांच्या हातून संत ऑगस्टीन यांचा ३८७ साली बाप्तिस्मा झाला ते. मिलानच्या चर्चमधील स्तोत्रे ऐकून आपल्याला रडू कोसळले, असे ऑगस्टीन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सर्व राष्ट्रांच्या तारणाऱ्याला ये म्हणणारे हे स्तोत्र चर्चच्या लॅटिन प्रार्थनाविधीत १७ डिसेंबरपासूनच्या दिवसांसाठी आजही आहे.

बाखने सुरुवातीलाच एक धाडस केले आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी नाट्यसंगीतात ओव्हर्चर नावाचा प्रकार घडला होता: आधी भारदस्त, संथ चाल, मग जलद भाग. राजेशाही थाट त्याला कायमचा चिकटलेला. बाखने जुने स्तोत्र या साच्यात बसवले. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चारही आवाज पहिली ओळ एकामागून एक गातात, जणू राजाची स्वारी येत आहे. आणि त्या दिवशी तेथील शुभवर्तमान कोणते? गाढवावर बसून यरुशलेमेत येणाऱ्या येशूचे (मत्तय २१). आपण ते झावळ्यांच्या रविवारी ऐकतो.

पुढे टेनर गातो. ख्रिस्ताने आपल्या चर्चकडे यावे, नवे वर्ष सुखाचे करावे, प्रवचनपीठ आणि वेदी आशीर्वादित करावी, अशी ती विनवणी आहे. शब्द एर्डमन नॉयमाइस्टर या धर्मोपदेशकाचे. येथवर सारे आपल्या ओळखीचे: आम्ही हाक मारतो, प्रभूने यावे.

उत्तर मात्र अनपेक्षित आहे. व्हायोलिनवाले गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडू लागतात. टक्, टक्. त्यावर बासचा आवाज येतो. त्या काळच्या परंपरेत हा ख्रिस्ताचा आवाज. शब्द प्रकटीकरण ३:२० चे. प्रभू सांगतो की तो दाराशीच उभा आहे आणि दार वाजवत आहे. जेमतेम दीड मिनिटाचा हा भाग. माझ्या मते संपूर्ण रचनेचा प्राण येथेच आहे. आपण समजतो, वाट आपण पाहत आहोत. खरे तर तोच आपली वाट पाहत उभा आहे.

हे वचन आपण बहुधा अविश्वासी माणसाला उद्देशून वापरतो. मूळ पत्र उघडून पाहा. ते लावदिकीया येथील चर्चला लिहिलेले आहे, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या, एकत्र जमणाऱ्या, पण कोमट झालेल्या लोकांना. बंद दार त्यांचे आहे.

त्यानंतर सोप्रानोचे गीत, सोबतीला फक्त खालच्या सुरांची साथ. कोणताही थाट नाही. एक जीव स्वतःच्या हृदयाला सांगतो, उघड. मी माती असलो तरी तो मला तुच्छ लेखणार नाही.

ही रचना २८ नोव्हेंबर १७२३ रोजी लायप्झिग येथे पुन्हा सादर झाली. तेथील उपासनेचा क्रम बाखने आपल्या हस्तलिखितावर लिहून ठेवला आहे. लायप्झिगमध्ये आगमनकाळाच्या पुढच्या तिन्ही रविवारी असे वाद्यसंगीत होत नसे; थेट नाताळपर्यंत शांतता. आपल्या मिस्साग्रंथातील सर्वसाधारण सूचनाही (क्र. ३१३) हेच सांगतात: आगमनकाळात वाद्ये संयमाने वाजवावीत, नाताळचा आनंद आधीच उधळू नये. (नोव्हेंबरपासूनच नाताळगीतांचा गजर करणाऱ्या आपल्या तरुणांनी ही ओळ दोनदा वाचावी!)

शेवटचे समूहगीत फारच लहान आहे. फिलिप निकोलायच्या १५९९ मधील गीताच्या शेवटच्या कडव्याचा फक्त उत्तरार्ध बाखने घेतला आहे. पुन्हा तेच बोलावणे, ये, पण आता आवाजात घाई आहे, आणि व्हायोलिन सर्वांच्या वर चढत जाऊन थांबतात.