धुरा आणि कुंपण

यवतमाळ

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोलीतल्या मुलाने न विचारता तुझे पैसे घेतले, म्हणून तुम्ही सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंत आणि 'तो बियाँड द पेल आहे,' असं तू लिहिलंस. पैसे परत माग, तोंडावर माग. त्यात भीड धरू नकोस. पण त्या इंग्रजी शब्दापाशी मी अडलो.

'पेल' म्हणजे मेख. मेखा ठोकून केलेलं कुंपण. पंधराव्या शतकात डब्लिनभोवतीच्या इंग्रजांच्या अमलातल्या मुलखालाही 'पेल' म्हणत. आतले सभ्य, बाहेरचे रानटी, हे ठरवलं होतं आतल्यांनीच.

आपल्याकडे शेताला धुरा असतो, म्हणजे बांध. कुणी धुरा कोरला तर आपण भांडतो, मोजणी आणतो, आपली जागा परत घेतो. तरी तो शेजारीच राहतो. कुंपणाचं तसं नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरू लागल्या. सोलापुरात अशा माणसांना तारांच्या कुंपणाआड ठेवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती मुक्त झाल्या. तरी आपल्या भागात चोरी झाली की अजूनही कित्येकांचं बोट आधी त्यांतल्याच पारध्यांच्या बेड्याकडे, त्यांच्या वस्तीकडे जातं.

त्यात एक बोट माझं होतं. विहिरीवरची मोटार गेली तेव्हा बेड्यावरच्या एका पोराचं नाव मी चारचौघांत घेतलं. महिन्याभराने मोटार आपल्याच एका भाऊबंदाच्या गोठ्यात निघाली. त्याला चार शब्द सुनावले. पुढच्या पोळ्याला तो आपल्याच पंगतीला जेवला. पोराची माफी मागायला गेलो, तर त्याचं बिऱ्हाड उठून गेलं होतं. चोरी केली त्याने फक्त धुरा कोरला, असं मी मानलं. न केलेल्याला मात्र कुंपणाबाहेर घातलं. हे मला अजून खातं.

म्हणून सांगतो, हद्द वागण्याला घाल, माणसाला नको. चूक चूकच म्हण, भरपाई घे. पण परतायला वाट ठेव. आज रात्री त्याला तुमच्यासोबत जेवायला बसव आणि पैशांचं तिथेच विचार.

तुझा,
मामा