कोऱ्या कागदावरची सही

दौंड, रविवार

चि. मनू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकशील. फोनच करणार होतो, पण फोनवर तू "हो मामा, बघते मामा" म्हणून विषय संपवतेस आणि मला बोलायचं ते राहूनच जातं.

परवा पाटसला साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत रांजणगाव एमआयडीसीतला एक ओळखीचा मुलगा शेजारी बसला. सहज सांगावं तसं तो म्हणाला, की तू पुण्याच्या कुणा प्रपोजल लिहून देणाऱ्याशी पंधरा टक्के कमिशनवर बोलणी केलीस आणि तुझ्या संस्थेची कोरी लेटरहेड सह्या-शिक्के करून त्याच्या हवाली केलीस. माझा घास हातातच राहिला. खरं आहे का हे? किती कागद दिलेस? नुसती तुझीच सही आहे, की खजिनदारांचीही?

खोटं निघालं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण खरं असेल तर आज मला रागावू दे. आपल्या घरात सहीपायी काय गेलं ते तू ऐकत वाढलीस. तुझ्या आजोबांनी, नानांनी, भिडेखातर जामीनकीच्या कागदावर सही केली आणि विहिरीकडचा तुकडा गेला. आक्काची, तुझ्या आईची, शाळा सातवीला का सुटली, हे तिनं तुला सांगितलं नसेल तर एकदा विचार तिला. त्या घरातल्या लेकीनं कोरे कागद सही करून द्यावेत?

तो माणूस वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण हिशोबानं बघ. पंधरा टक्के तू देणार कुठून? कुठलीही नावाजलेली देणगीदार संस्था अंदाजपत्रकात 'कमिशन' असा रकाना मान्य करणार नाही. मग ते पैसे 'प्रशिक्षण' किंवा 'छपाई'च्या बिलात दाखवावे लागतील. न झालेल्या प्रशिक्षणाचं बिल आलं की हजेरीपट आला, आणि हजेरीपटावर न आलेल्या बायांच्या सह्या आल्या. वर्षाअखेरीस पैसे सांगितल्या कामालाच खर्च झाले, असं उपयोगिता प्रमाणपत्र सीए आणि अध्यक्ष सह्या करून देतात. ती अध्यक्ष तू आहेस.

याहून वाईटही घडतं. एखादा संस्थेला चेक देतो, पावती घेतो आणि त्यातला मोठा हिस्सा रोखीनं परत मागतो. अशा व्यवहाराला कुठलीतरी नोंदणीकृत संस्था लागते आणि तिचे सहीचे कागद लागतात. 80जीची सवलत असलेल्या संस्थेला कोणी किती देणगी दिली याची यादी दरवर्षी 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे द्यावी लागते. उद्या तुझ्या लेटरहेडवरची पावती बाहेर फिरली आणि यादीत ती रक्कम नसली, तर नोटीस तुझ्या नावानं येईल. प्रपोजलवाल्याला कोणी विचारणार नाही.

म्हणून पहिलं काम हे कर. कागद परत माग, मोजून घे. टाळाटाळ झाली तर थांबू नकोस. कार्यकारी मंडळाची सभा बोलाव, जुनी लेटरहेड रद्द केल्याचा ठराव इतिवृत्तात घे, ठरावाची प्रत त्याला आणि बँकेला स्पीड पोस्टानं पाठव. नवी लेटरहेड अनुक्रमांक घालून छापून घे. आणि धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज गेलाय का? गेल्या वर्षी तुमचे दोन विश्वस्त बदलले. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत तो कळवायचा असतो. तिथल्या परिशिष्ट एकवर जुनीच नावं असतील तर देणगी देणाऱ्या कंपनीचा माणूस फाइल उघडताच बाजूला ठेवील, मग तुझं काम कितीही चोख असो.

मनू, मला कळत नाही, तुला दुसऱ्यानं लिहून द्यायची गरजच काय? मांडवगण फराट्याला उसाच्या फडावर तू ऊसतोड कामगारांच्या मुलांना घेऊन बसतेस ते मी पाहिलंय. एका मुलाच्या हातावर उसाच्या पाचटानं चरे पडले होते आणि तो त्याच हातानं पाटीवर 'ढ' गिरवत होता. तू त्याला हळद लावलीस आणि म्हणालीस, "आता उद्या 'ण'." हे पुण्यात बसून कोणाला लिहिता येणार आहे? तो लिहील 'वंचित बालकांचे सक्षमीकरण'. तू लिही, की बीड-नगरकडच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात, पहाटे आई-बाप फडात जातात, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते म्हणून तिची शाळा बुडते, आणि गाळप संपलं की चैत्राच्या सुमारास सगळं बिऱ्हाड उठतं. किती मुलं, कोणत्या गावची, किती महिने राहिली, किती जण वाचायला लागले, किती मधेच गेले. मधेच गेलेल्यांचा आकडाही लिही. तो लपवायचा नसतो.

यातच एक मेख आहे. कंपन्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, पैसा पुष्कळदा जानेवारी ते मार्चमध्ये घाईघाईनं सुटतो, आणि तेव्हा तुझी मुलं परतीच्या वाटेवर असतात. मग पैसा पडून राहतो किंवा नको तिथं खर्च होतो. प्रस्तावातच लिही, की पहिला हप्ता दिवाळीपूर्वी हातात हवा, आणि त्यासाठी अर्ज पावसाळ्यातच नेऊन दे. 2014पासून ठरावीक नफ्याच्या किंवा उलाढालीच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे. रांजणगाव तुझ्या दाराशी, कुरकुंभ माझ्या. मधे दलाल कशाला? सीएसआर-1 नोंदणी, दर्पणचा क्रमांक, 12ए आणि 80जीची मुदत, तीन वर्षांचे ताळेबंद एवढी फाइल घेऊन तू स्वतः जाऊन उभी राहा.

चौफुल्याच्या कलाकेंद्रांतल्या जुन्या गायिकांची गाणी ध्वनिमुद्रित करायचं तुझं दुसरं स्वप्न मात्र या अर्जात कोंबू नकोस. दोन्ही कामं तुझ्या जिवाची आहेत, पण त्यांचे देणगीदार वेगळे. गाण्यांसाठी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे बघ. 1993 साली स्थापन झालेली ही संस्था कलेच्या अभ्यासाला आणि प्रयोगाला अनुदान देते, आणि अर्ज मराठीतूनही चालतो. त्यात त्या बायांचं मानधन स्वच्छ लिही. त्यांचा गळा फुकट घेऊ नकोस. गाण्यावर हक्क कोणाचा राहील, तेही त्यांच्यासमोर वाचून दाखवून लिही.

तुझ्या स्वतःच्या मानधनाचंही तेच. तू ते दर वेळी शून्य दाखवतेस आणि त्यात तुला अभिमान वाटतो. मला तो पटत नाही. कार्यकर्त्याच्या घरातही चूल पेटावी लागते, म्हणून तर डॉ. श्रीराम लागूंसारख्या माणसांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले आणि त्यातून कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. मागायला लाजू नकोस.

माझी केडगावला बदली होती तेव्हा पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनवरून रोज जाणं व्हायचं. कामासाठी पैसा कसा उभा करावा, याबाबत त्या बाईंकडून शिकण्यासारखं फार आहे. 1887 साली अमेरिकेत त्यांनी 'द हाय कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक स्वतः लिहून काढलं. इथल्या विधवांची स्थिती काय, शाळा कशी हवी, हे त्यांनी आपल्या शब्दांत मांडलं. त्याच वर्षअखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं पैसा द्यायचं कबूल केलं. मार्च 1889मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, असं आश्वासन होतं. ते पाळलं गेलं नाही असं वाटून 1893मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. त्या वादात जाण्याचं हे पत्र नव्हे. पण दिल्या शब्दाबद्दल शंका आली की केवढी मोठी माणसं दूर जातात, ते बघ.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही मदत दहा वर्षांची आहे, हे रमाबाई विसरल्या नाहीत. मुदत संपण्याआधीच त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा विचार. पुढं 1896च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना याच जमिनीवर आसरा मिळाला. तुझ्याच शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथंही मुलं गावाची कामं करता करता शिकतात आणि त्या कामाचे पैसे आश्रमाला मिळतात. तीन वर्षांच्या अनुदानाचं पत्र हातात आलं, की त्याच दिवशी चौथ्या वर्षाचं काय, हे वहीत लिहायला घे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी आम्ही चार मित्र दौंडला रात्रीचा वर्ग चालवायचो. हमालांची, सफाई कामगारांची पोरं यायची. एका देणगीदारानं तीन वर्षं कंदील, पाट्या, जागेचं भाडं दिलं. मुदत संपली, पुढं कोणाकडे जायचं याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता, आणि वर्ग थांबला. मला रेल्वेत नोकरी लागली. घरची परिस्थिती तुला माहीत आहे, नोकरी सोडणं शक्यच नव्हतं. त्या मुलांपैकी कोणाचं पुढं काय झालं, मला आजतागायत कळलेलं नाही. तू हे काम सुरू केलंस तेव्हा मी फार बोललो नाही, पण घरातल्या कोणीतरी ते पुन्हा हातात घेतलं म्हणून मला किती बरं वाटलं, ते आज लिहितो. त्या कोऱ्या कागदांच्या बातमीनं एवढा हललो, तो त्यामुळेच.

फार रागावलो असेन तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून लिहीत नाहीये. गेल्या हंगामात दोन शिक्षिकांचा पगार थकला होता आणि तू पाटल्या गहाण ठेवल्यास, हे मामीला कळलंय. तिनं मला सांगितलं, आक्काला नाही. अशा वेळी माणूस जो भेटेल त्याच्या हातात कागद देतो. पण तू आमच्याकडे का आली नाहीस? माझी पेन्शन आहे, मुलं आपापल्या पायावर उभी आहेत. या दिवाळीपासून हंगाम संपेपर्यंत एका शिक्षिकेचं मानधन मी देईन. संस्थेच्या खात्यात चेकनं देईन, मला पावती दे, आणि हिशोबात माझं नाव लिही.

शनिवारी फाइल घेऊन ये. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतर, मी स्कूटर घेऊन थांबतो. अंदाजपत्रक आपण दोघं बसून आकडा आकडा तपासू, लिहायचं मात्र तुझं तू. कागद परत मिळाले की लगेच कळव, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. आणि मिळाले नाहीत तर एकटी त्या माणसाकडे जाऊ नकोस, मला बरोबर घे.

तुझा,
मामा