भरलेल्या ट्रकचे ब्रेक उतारावर का तापतात?



एटापल्ली-आलापल्ली रस्त्याकाठी ज्यांची शाळा आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सुरजागडच्या पहाडीवरून लोहखनिज भरलेले ट्रक उतरतात आणि आष्टीमार्गे कोनसरी, घुग्घुसकडे जातात. पाचवीतल्या एका मुलानं मला विचारलं, "मॅडम, उतरताना इंजिनला जोर लागत नाही, मग चाकातून जळका वास का येतो?" त्याचे बाबा ट्रकवर आहेत. म्हणून हा प्रश्न मी पुढच्या वर्गासाठी ठेवला नाही.

आधी मुलांना तळहात एकमेकांवर हलके घासायला सांगा, मग जोरात दाबून घासायला सांगा. हात पोळतात. ब्रेकही एवढंच करतो. ड्रमच्या आतून लायनर दाबला जातो, घर्षण होतं आणि गाडीची ऊर्जा उष्णतेत बदलते.

किती उष्णता? आपल्याकडे 2018 पासून दहा चाकी ट्रकला मालासह 28.5 टन वजनाची परवानगी आहे, आधी ती 25 टन होती. असा ट्रक वेग न वाढवता 100 मीटर उंचीवरून खाली आला, तर जेवढी ऊर्जा उष्णतेत जाते तेवढ्यात 30 अंशाचं सुमारे 95 लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे वीस लिटरचे जवळजवळ पाच कॅन! (मुलांचा विश्वास बसत नाही, फळ्यावर गणित करून दाखवावं लागतं.) सगळं काम ब्रेकवरच टाकलं तर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि लायनरची पकडही कमी होते. पेडल दाबूनही गाडी धरत नाही. हवेचा दाब पुरेसा असला तरी हे होऊ शकतं, हे खास लक्षात घ्या.

मग उपाय काय? इथे मला आपली बंडी आठवते. उतारावर बंडी कोण धरतं? तेच बैल, जे चढावर ओढतात. ट्रकमध्ये इंजिनही हे काम करतं. खालच्या गिअरमध्ये पाय उचलला की इंजिनच चाकांना रोखतं. एग्झॉस्ट ब्रेक धुराची वाट अडवून ही ताकद वाढवतो. रिटार्डर हे वेगळं यंत्र असतं, ते लायनर न घासता चाकांकडे जाणारा दांडा मंदावतं. ब्रेक "वाढवायचे" म्हणजे मोठे लायनर बसवायचे, असं बरेच पालक समजतात. माझ्या मते नेहमीच्या उतारावर आधी एग्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डरचा विचार व्हावा. पण त्याच्याही आधी जुने ब्रेक नीट हवेत: प्रत्येक चाकाचा स्लॅक अ‍ॅडजस्टर बरोबर, हवेच्या टाकीतलं पाणी काढलेलं, आणि ट्रेलर असेल तर त्याचेही सगळे ब्रेक चालू. ट्रेलरचे ब्रेक ढिले असले की सगळा भार पुढच्या गाडीवर येतो.

एक गैरसमज मात्र घरोघरी आहे: "न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं." आजच्या इंजिनात गिअरमध्ये, पाय उचलून उतरताना डिझेलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल लागतं, आणि बैल सोडून बंडी उतारावर ढकलल्यासारखं होतं. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आणावा. वेग वाढल्यावर तो पडत नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा सांगत आला, "बाबा म्हणाले, क्लीनर होतो तेव्हा उस्तादानं हेच शिकवलं होतं. ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतर." मी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

स्वाध्याय: रिकामा ट्रक 10 टनांचा धरा. त्याच उतारावर किती लिटर पाणी उकळेल? वरचं गणित वापरा.