पन्नासाचे चोपन्न कुठे झाले?

प्रश्न : मी मूळची पुण्याची, गेली बारा वर्षं चेन्नईत अड्यारला राहते. मागच्या जानेवारीत जव्वादु डोंगरात पन्नास किलोमीटरची ट्रेल शर्यत पूर्ण केली, शेवटून तिसरी आले. घड्याळात ५४ किलोमीटर भरले. दोनदा वाट चुकले आणि ३१व्या किलोमीटरनंतर पाणी मिळालं ते जवळजवळ अडीच तासांनी. आता आयोजकांनी ‘मार्ग सुधारण्यासाठी सूचना कळवा’ असं सगळ्यांना लिहिलंय. मी काही जाणकार नाही. काय कळवू? आणि असा मार्ग आखतात तरी कसा?

उत्तर : तुम्ही शेवटून तिसऱ्या आलात, म्हणून तुमचं पत्र आयोजकांना सगळ्यात जास्त हवं आहे. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. कारण पुढे सांगतो; आधी चोपन्नाचा हिशेब.

रस्त्यावरची मॅरेथॉन सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र बसवायचं, मोजून ठेवलेल्या अंतरावर त्याची पारख करायची आणि मग प्रत्येक वळणाची आतली कड धरून सायकल चालवायची. वर हजारात एक एवढी भर घालतात, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून. डोंगरातल्या पायवाटेवर हे जमत नाही. तिथे सारी भिस्त जीपीएसवर. आपलं घड्याळ ठरावीक वेळाने एक ठिपका टाकतं आणि ठिपके सरळ रेषेने जोडतं. नागमोडी उतारावर वेगात पळालात की वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. उलट दाट झाडीत, चढावर रेंगाळत चाललात की ठिपके वाटेच्या दोन्ही अंगांना सांडतात आणि अंतर फुगतं. ताक प्यायला दहा मिनिटं बसलात तरी थोडी भर पडतेच. म्हणून एकाच वाटेवर पहिल्याचे ४९ आणि शेवटच्याचे ५३ भरू शकतात, आणि दोघांचीही घड्याळं ठणठणीत असतात.

पण इथे थांबू नका. तुमच्यासारख्या आठ-दहा जणांच्या घड्याळातल्या रेषा एका नकाशावर एकमेकींवर ठेवून बघा. बहुतेक ठिकाणी त्या दोरीच्या पेडासारख्या एकत्र जातील. जिथे पेड सुटून रेषा पंख्यासारख्या पसरतात, तिथे माणसं वाट शोधत होती. माझ्या मते मार्ग सुधारायचं याहून स्वस्त आणि याहून खरं साधन नाही. तुमच्या चारपैकी एखादा किलोमीटर यंत्राचा असेल, बाकीचे त्या दोन चुकलेल्या जागांवर सापडतील. आयोजकांना आकडा कळवू नका, त्या जागा कळवा.

आता पाणी. हौशी आयोजक ठाणी किलोमीटरवर मांडतात: दर सहा किलोमीटरला एक टेबल. कागदावर ते नीटनेटकं दिसतं. पण डोंगरात अंतराला अर्थ चढाईमुळे येतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला, तो आजही उपयोगी पडतो: चालताना पाच किलोमीटरला एक तास आणि वर चढण्याच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. सहा किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटर चढ असेल तर झाले जवळपास दोन तास. तेही ताज्या पायांनी. तीस किलोमीटर अंगावर घेतलेल्या माणसाला अडीच तास लागले तर त्यात नवल काही नाही. सपाटीवर धावत तेच सहा किलोमीटर पाऊण तासात संपतात. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनाही मार्गाचं वजन असंच करते: अंतराच्या किलोमीटरमध्ये चढाईच्या दर शंभर मीटरमागे एक मिळवायचा. ५० किलोमीटर आणि २५०० मीटर चढ म्हणजे ७५. तेव्हा पाण्याची ठाणी वेळेवर मांडायची, आणि ती वेळ शेवटच्या टप्प्यातल्या माणसाची धरायची.

तुमच्या भागात तर हे आणखी निकडीचं. घाम वाळला तरच अंग निवतं, आणि दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. जव्वादुच्या माथ्यावर गारवा असला तरी पायथ्याच्या दरीत दुपारी वारा पडला की चेन्नईच आठवते. नुसतं पाणी पीत राहणंही घातक आहे. रक्तातलं मीठ पातळ झालं की माणूस भेलकांडतो, आणि लोक त्याला आणखी पाणी पाजतात. ठाण्यावर मीठ घातलेलं पातळ ताक (नीर मोर), लिंबूभात, शेंगदाण्याची चिक्की असं काही हवंच. आणि जव्वादु म्हणजे सामैचं, आपल्या वरईचं आगर आहे. तिथल्या मलयाळी आदिवासींच्या बायकांनी केलेली सामैची पेज ठाण्यावर ठेवली, तर बाहेरून आणलेल्या गोड जेलच्या पाकिटांपेक्षा ती पोटाला जास्त सोसेल आणि चार पैसे डोंगरावर राहतील. ही सूचना जरूर करा.

लांब, उघड्या टप्प्यात मधे काही नसणं किती महागात पडतं, हे जगाने २२ मे २०२१ ला पाहिलं. चीनच्या गान्सू प्रांतात बैयिनजवळ शंभर किलोमीटरची शर्यत होती, १७२ जण पळत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्यांमध्ये आठ किलोमीटरचं अंतर आणि सुमारे हजार मीटरची चढण. तिथे गाडी पोचत नव्हती, म्हणून वरच्या ठाण्यावर ना खाणं ना आसरा. दुपारी अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. बहुतेकांच्या अंगात आखूड चड्डी आणि पातळ बनियन, कारण गरम जाकीट सक्तीच्या सामानात नव्हतं. एकवीस जण गेले; त्यात चीनमधले अव्वल धावपटूही होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. तो वादळात आसऱ्याला गुहेत बसला होता आणि त्याने त्यांना आत ओढून घेऊन शेकोटी पेटवली. जिथे मेंढपाळ आसरा घेतो ती जागा मार्ग आखणाऱ्याला आधी माहीत असायला हवी होती, असं मला ते वाचल्यापासून वाटत आलं आहे.

तामिळनाडूची स्वतःची जखम वेगळी आहे. ११ मार्च २०१८ ला थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वाळल्या गवताला वणवा लागला आणि उतरणाऱ्या ट्रेकर मंडळींना त्याने गाठलं. तेवीस जण गेले. त्यानंतर राज्याने जंगलातल्या भटकंतीसाठी नियम केले. यातून शर्यतीसाठी निघतं ते एवढं: वनखात्याची परवानगी हा कागदाचा सोपस्कार समजू नये, आणि गवताळ उतारावर प्रत्येक टप्प्याला खाली निघायची दुसरी वाट आधी चालून पाहिलेली असावी. शिवाय तारखेला फार वाव नाही. चेन्नईकडचा पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तोवर ओढे भरलेले. फेब्रुवारी सरता सरता गवत काडीसारखं होतं. मधला महिना-दीड महिना तुमचा. तुमची शर्यत जानेवारीत होती, हे आयोजकांनी अगदी बरोबर केलं.

आता ते शेवटून तिसरं. एका वर्षी सह्याद्रीतल्या एका शर्यतीत मी स्वीपर होतो. स्वीपर म्हणजे शेवटच्या धावपटूच्या मागून चालणारा, खुणेच्या रिबनी गोळा करत येणारा. त्या मार्गाची पाहणी मीच दोनदा केली होती आणि मला तो निर्दोष वाटत होता. पण पाहणी केली होती सकाळी, ताज्या पायांनी. पहिला धावपटू एका खिंडीतून दहा वाजता गेला. मी पन्नाशीच्या एका शांत गृहस्थांबरोबर तिथे पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते. वाट तीच, पण सगळं बदललेलं. तीनशे जोडी बुटांनी उतारावरची माती उकरून त्याचा नुसता घसारा झाला होता. दोन रिबनी शेळ्यांनी खाल्ल्या होत्या, एक कुणा पोराने मनगटाला बांधायला नेली होती. केशरी रिबन दिवसा लांबून उठून दिसते, विजेरीच्या उजेडात मात्र वाळल्या पानासारखी दिसते. पुढच्या ठाण्यावर केळी संपली होती. आणि जिथे पायवाट सोंडेवर वळते तिथेच एक रुंद ढोरवाट सरळ ओढ्याकडे उतरत होती. ते गृहस्थ बिनदिक्कत तिकडे वळले. मी मागे नसतो तर ते अंधारात ओढ्यात उतरले असते. मला तेव्हा खरंच लाज वाटली. मी आखलेला मार्ग पहिल्या पन्नास जणांचा होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: मार्ग तपासायचा तो शेवटच्या माणसाच्या वेळेला, त्याच्या चालीने, जमल्यास त्याच्याइतकं दमून. खुणांचे नियम यातूनच सुचतात. वळणाआधी एक रिबन, वळणावर एक, आणि वळणानंतर पन्नासेक पावलांवर ‘बरोबर आलात’ असं सांगणारी तिसरी. ही तिसरीच बहुतेक जण विसरतात. चुकीच्या वाटेवर फक्कीची आडवी रेघ मारायची. लाल रिबन टाळायची, कारण हिरव्या-तांबड्यातला फरक न कळणारे पुरुष दर शर्यतीत असतात. अंधार पडणाऱ्या टप्प्यावर चमकणारी पट्टी. दगडावर रंगाचे बाण मात्र मुळीच नकोत. शर्यत एका दिवसाची, रंग वर्षानुवर्षं राहतो. (कावलूरची वेणू बाप्पू वेधशाळा याच डोंगरात आहे. तिच्या आसपास रात्री प्रखर दिवे लावू नयेत, हेही कळवा.)

सुधारणा म्हणजे मार्ग अधिक अवघड करणं, असा एक समज आपल्याकडे पसरतोय. मला तो पटत नाही. सिंहगड-राजगड-तोरणा घ्या. पुण्याच्या वेस्टर्न घाट्स रनिंग फाउंडेशनची ‘एसआरटी अल्ट्रा’ त्याच वाटांवर डिसेंबरात होते. तुम्ही पुण्याच्या, तेव्हा राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार तुम्हाला ठाऊक असेल. तिथे अवघडपणा कुणी तयार केलेला नाही, तो डोंगरातच आहे. भटक्यांच्या पिढ्यांनी ती वाट तुडवली, गावकऱ्यांनी त्याआधी. शर्यत मागाहून आली. आयोजकाचं काम तिथे गर्दी अरुंद वाटेवर एकदम न लोटणं, उतारावर लोकांनी वळणं तोडून नवे ओघळ पाडू नयेत म्हणून माणूस उभा करणं, आणि ज्याला थांबायचंय त्याला वेळेत खाली आणणं. मोठ्या शर्यतीही माघार घेतात. आल्प्समध्ये मों ब्लांला वळसा घालणारी यूटीएमबी सुमारे १७० किलोमीटरची. हवा बिघडली म्हणून ती २०१० साली सुरू झाल्यावर थांबवली आणि २०१२ साली शंभरेक किलोमीटरवर आणली. दुसरा मार्ग आधीच हाताशी ठेवणं हासुद्धा आखणीचाच भाग.

अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीला तीस तासांची मुदत असते. शेवटचा तास तिथे सगळ्यात गर्दीचा. जिंकलेलेसुद्धा मैदानात थांबून शेवटच्यांसाठी टाळ्या वाजवतात. तुमच्या आयोजकांनी असं काही करावं, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा पत्रात चार गोष्टी लिहा: कुठे चुकलात, तिथे काय दिसत होतं, किती वाजले होते, पाणी कुठे संपलं. ‘पाण्याची सोय वाईट’ असं नको. ‘३३व्या किलोमीटरला चिंचेच्या झाडापाशी बाटली रिकामी झाली, पावणेबारा वाजले होते’ असं हवं. त्या वाक्यावरून माणूस बरोबर जागेवर टेबल मांडू शकतो. आणि पुढच्या वर्षी पळणार नसाल तर स्वीपर व्हायची तयारी कळवा.

प्रश्न : चेन्नई तर तळहातासारखी सपाट. इथे राहून डोंगरातल्या शर्यतीचा सराव कसा करायचा?

उत्तर : चढाचा सराव कुठेही होतो, खरी उणीव उताराची पडते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. इमारतीचे जिने चढून लिफ्टने खाली येऊ नका, पायांनीच उतरा. परंगी मलै, म्हणजे सेंट थॉमस माउंट, जेमतेम तीनशे फुटांचा असला तरी त्याच्या पायऱ्या फेऱ्यांसाठी चांगल्या आहेत. बेझंट नगरच्या वाळूत घोटे तयार होतात.  एकट्याने अनोळखी जंगलात जाण्यापेक्षा सोबत बरी.

आणि महिन्यातून एकदा जिंजीला जा, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला आणि राजाराम महाराजांनी मुघलांच्या वेढ्यात वर्षानुवर्षं झुंजवलेला हा किल्ला. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. त्यातल्या राजगिरी टेकडीच्या पायऱ्या धावायच्या नाहीत, भराभर चढायच्या आणि सावकाश, गुडघे सैल ठेवून उतरायच्या. संरक्षित वास्तू आहे, तटावरून उड्या नकोत. सकाळी दार उघडताच आत शिरा, कातळ दहा वाजल्यापासून तापतो. पाणी खालूनच भरून न्या, आणि माकडं फार आहेत, तेव्हा चिक्की पिशवीत आत ठेवा.