तापानंतरचा आठवडा

चि. सुहास,

हृदयविकार म्हणजे रक्तवाहिनीत नुसती चरबी साचणे नव्हे. त्यात दाहाचाही वाटा असतो. वाहिनीच्या अस्तरात कोलेस्टेरॉल शिरते, पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि तो थर वर्षानुवर्षे धुमसत राहतो. एखाद्या दिवशी थरावरचे आवरण फाटते, रक्ताची गुठळी धरते, वाहिनी बंद होते. 2017 च्या कँटॉस चाचणीत कोलेस्टेरॉल न उतरवता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधानेही झटके घटले.

संसर्गाने हा दाह भडकतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातील, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या 7 दिवसांत झटक्याचा धोका सुमारे 6 पट आढळला. म्हणजे ताप उतरला तरी धोका टळलेला नसतो. अशा आठवड्यात जिना चढताना छाती भरून आली, तर पित्ताची गोळी घेऊन कामावर जाणे हा शुद्ध निष्काळजीपणा होय. तू नेमके हेच केलेस, असे वहिनींनी, म्हणजे तुझ्या आईने, फोनवर सांगितले.

वडील किंवा भाऊ यांना 55 च्या आत, आई किंवा बहीण यांना 65 च्या आत हा विकार जडला असेल, तर धोका आणखी वाढतो. या घरात दादा, म्हणजे तुझे वडील, 48 व्या वर्षी गेले. लिपोप्रोटीन-ए हा धोका वाढवणारा रक्तातला घटक तर बहुतांशी जन्मतःच ठरतो. सडपातळ अंगकाठी त्यापासून वाचवत नाही.

दादांनाही आठवडाभर आधी तापच आला होता. त्या रात्री छातीत कोंडल्यासारखे वाटते म्हणाले, तेव्हा धाकट्या भावाने त्यांच्या तळहातावर चिमूटभर ओवा-मीठ ठेवले आणि म्हटले, “गॅस असेल, सकाळी बघू.” तो भाऊ म्हणजे हे पत्र लिहिणारा.

म्हणून आजच ईसीजी काढावा. तो ठीक आला तरी डॉक्टरांना ताप, जिना आणि वडिलांचे वय, तिन्ही सांगावे. ट्रोपोनिनची रक्ततपासणी लागेल का, तेही विचारावे. छाती पुन्हा भरली तर थेट 108 ला फोन लावावा. पुढे दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, लिपोप्रोटीन-ए एकदा तपासावे.

रागावणे पुरे झाले. दुखते आहे असे सांगण्यात कमीपणा नाही. दादांनी तर सांगितले होते, ऐकणारा चुकला. ईसीजीचा कागद हातात आला की, रात्रीचे दोन वाजले असले तरी, फोन करावा. काका जागा आहे.