एक ‘गहाण’, चार इंग्रजी शब्द

पुण्याहून नोकरीनिमित्त बंगळूरच्या मारतहळ्ळी परिसरात स्थायिक झालेले एक मराठी दांपत्य कल्पावे. भाड्याचे घर घेताना तेथील रिवाजाप्रमाणे अनेक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत द्यावी लागली, म्हणून त्यांनी मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेतला. मोटार कर्जावरच होती. सासूबाईंच्या पाटल्या सोनेतारणात होत्या. पुढे सदनिकाही कर्ज काढून घेतली. चार कागदांवर चार शब्द होते: लिएन, हायपोथिकेशन, प्लेज आणि मॉर्गेज. घरात मात्र चौघांनाही ‘गहाण’ म्हणत.

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ठेव मोडावी असे ठरले, तेव्हा ‘लिएन’ आडवा आला. ठेव गहाण आहे, म्हणजे ती गेलीच, अशा समजुतीने दोन दिवस उसनवारीत गेले. वस्तुतः लिएन म्हणजे धारणाधिकार होय. शब्दाच्या मुळाशी ‘बंधन’ हाच अर्थ आहे. ठेव ग्राहकाच्याच नावावर राहते, तिच्यावर व्याजही मिळते. येणे फिटेपर्यंत बँक ती अडवून धरू शकते, एवढेच. अशी ठेव मोडल्यास प्रथम ओव्हरड्राफ्टची बाकी वळती होते व उरलेली रक्कम ठेवीदाराच्या हाती पडते. शाखेत विचारले असते, तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

प्लेजमध्ये वस्तूचा ताबाच धनकोकडे जातो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७२ मधील व्याख्या तीच आहे. पाटल्या बँकेच्या तिजोरीत, मालकी मात्र सासूबाईंची. परतफेड थकल्यास वाजवी पूर्वसूचना देऊन बँक त्या विकू शकते.

हायपोथिकेशनसाठी मराठीत ‘नजरगहाण’ हा फार नेमका शब्द आहे. वस्तू ऋणकोजवळ, नजर धनकोची! मोटार घरापुढे उभी असते, परंतु नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचे नाव असते. एका राज्यातील मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची, तर तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आवश्यक असते. कर्ज फिटले तरी नोंद आपोआप पुसली जात नाही. बँक व मालक या दोघांच्या सहीचा नमुना ३५ परिवहन कार्यालयात द्यावा लागतो. पुष्कळ ग्राहक नेमके हेच विसरतात आणि गाडी विकताना धावपळ करतात.

राहिला मॉर्गेज. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा शब्दशः अर्थ ‘मृत तारण’. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५८ नुसार तो केवळ स्थावर मालमत्तेचा असतो. शहरांत बहुधा मूळ हक्कपत्रे बँकेत ठेवून तो निर्माण केला जातो. राहते घर सोडावे लागत नाही. संपूर्ण परतफेडीनंतर ही कागदपत्रे ३० दिवसांत परत करावीत आणि बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. हक्कपत्रे कोणत्या शाखेतून घ्यावयाची, याचा पर्यायही ग्राहकाला आहे: कर्जखाते असलेली शाखा किंवा कागदपत्रे उपलब्ध असलेले बँकेचे अन्य कार्यालय.